व्यावसायिक आइस हॉकी गोलरक्षकाचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइस हॉकी नव्याने पाहू लागलेल्या माणसाची नजर आधी पकमागे धावते आणि थोड्याच दिवसांत जाळीपुढे उभ्या असलेल्या, अंगभर पॅड बांधलेल्या खेळाडूवर येऊन थांबते. हा इथवर पोचला कसा, याला मिळतं किती, हा टिकतो किती वर्षं, असे प्रश्न मग सुरू होतात. खालची उत्तरं मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलला (नॅशनल हॉकी लीग, तिथली सर्वात वरची व्यावसायिक लीग) धरून आहेत, कारण जगभरातले गोलरक्षक शेवटी तिथेच पोचायला धडपडतात. माझं एक मत आधीच सांगून ठेवतो: या करिअरमध्ये गुणवत्तेइतकाच वाटा वाट पाहण्याचा आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते मत डोकावेल.

गोलरक्षकाचं नेमकं काम काय?

सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळीत पक जाऊ द्यायचा नाही, हे मुख्य काम. पक म्हणजे कडक रबराची चकती. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम. बर्फावर तो उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. हल्ल्याचा भाग जिथून सुरू होतो त्या ब्लू लाइनपासून जाळीच्या तोंडाशी असलेली गोल लाइन ६४ फुटांवर असते. तिथून ताशी १६० किलोमीटर वेगाने निघालेला फटका अर्ध्या सेकंदाच्या आत जाळीशी पोचतो. बॉस्टनच्या झ्डेनो चाराने २०१२ च्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत तर ताशी १७५ किलोमीटरचा फटका मारला होता.

एवढ्या वेळात पक पाहून, विचार करून हात हलवणं जवळपास अशक्य आहे. त्यातून मधे आपले-परके चार-पाच जण उभे असतात आणि पक अनेकदा दिसतही नाही. म्हणून चांगल्या गोलरक्षकाचं निम्मं काम फटका सुटण्याआधीच झालेलं असतं. मारणारा उजव्या हाताचा की डाव्या, पास कुठे जाऊ शकतो, कोण मोकळा आहे, हे वाचून तो योग्य जागी आधीच उभा राहतो. ज्या रात्री तो फारशा उड्या न मारता सगळं अडवतो, ती रात्र सहसा त्याची सर्वात चांगली असते.

याशिवाय अडवलेला पक समोरच्याच्या स्टिकवर परत जाऊ न देणं, आपल्या बचावपटूंना ओरडून सूचना देणं, जाळीबाहेर येऊन पक पुढे ढकलणं हेही त्याच्याकडेच असतं. या शेवटच्या कामात न्यू जर्सीचा गोलरक्षक मार्टिन ब्रोडर इतका तरबेज होता की २००५-०६ च्या मोसमात एनएचएलने जाळीमागे समलंब चौकोन आखला. गोल लाइनच्या मागे त्या चौकोनाबाहेर गोलरक्षकाने पक खेळायचा नाही, असा नियम झाला. लोक आजही त्याला ब्रोडरचा नियम म्हणतात.

एनएचएलमध्ये गोलरक्षकांच्या जागा किती असतात?

संघ ३२ आहेत आणि प्रत्येक संघ सामन्याला दोन गोलरक्षक तयार ठेवतो. म्हणजे एका वेळी ६४ जण. काही संघ तिसरा बाळगतात, पण ते अपवादाने. या ६४ पैकी एका रात्री प्रत्येक संघाचा एकच उभा राहतो. आघाडीपटूला चौथ्या फळीत रोज सात-आठ मिनिटं खेळून स्वतःला सिद्ध करता येतं. गोलरक्षकाला अशी मधली पायरीच नाही. खेळतो तेव्हा पूर्ण साठ मिनिटं, नाहीतर एकही नाही. या व्यवसायातल्या बहुतेक गोष्टी, अगदी पगार आणि मनःस्थितीसुद्धा, या एकाच जागेमुळे तशा आहेत.

व्यावसायिक गोलरक्षक होण्याचा रस्ता कोणता?

रस्ते तीन. पहिला कॅनडातल्या ज्युनियर लीगचा, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल. यात साधारण सोळा ते वीस वर्षांची मुलं खेळतात. दुसरा अमेरिकी विद्यापीठांचा. तिसरा युरोपातल्या क्लबांचा. फिनलंड, स्वीडन, चेक प्रजासत्ताक आणि रशियात मुलगा क्लबच्या कनिष्ठ संघातून थेट मोठ्या माणसांच्या लीगमध्ये जातो.

मला युरोपचा रस्ता गोलरक्षकासाठी जास्त पोषक वाटतो, कारण तिथे तो लवकर प्रौढांचे फटके झेलायला लागतो. फिनलंडचं उदाहरण बोलकं आहे. मीक्का किप्रुसॉफ, पेक्का रिन्ने, तूक्का रास्क, यूसे सारोस, एका लहान देशातून एवढे गोलरक्षक एनएचएलमध्ये मुख्य म्हणून उभे राहिले. तिथे गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांना फार पूर्वीपासून मान आहे.

अठराव्या वर्षी मुलं एनएचएलच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्यासाठी, पात्र होतात. निवड झाली म्हणजे एवढंच, की त्या खेळाडूशी करार करायचा पहिला हक्क त्या संघाकडे गेला.

ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवड झाली की करिअर पक्कं समजायचं का?

मुळीच नाही. गोलरक्षकांच्या बाबतीत ड्राफ्टइतका वारंवार चुकणारा अंदाज दुसरा नसेल.

रिक डिपिएट्रो २००० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. २००६ मध्ये न्यू यॉर्क आयलंडर्सने त्याच्याशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलर्सचा करार केला. गुडघा आणि कंबर त्याला साथ देईनात आणि २०१३ मध्ये संघाने पैसे मोजून तो करार संपवला. ती भरपाई २०२९ पर्यंत हप्त्याने चालू राहणार आहे.

आता दुसरी बाजू पाहा. डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९ वा. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा, म्हणजे डिपिएट्रोच्याच वर्षी आणि दोनशेहून जास्त नावांनंतर. पेक्का रिन्ने २००४ मध्ये २५८ वा. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा, आणि २०२५ मध्ये लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी त्याच्याकडे गेली. सर्गेई बॉब्रोव्स्कीला तर कोणी निवडलंच नव्हतं. पुढे त्याने उत्कृष्ट गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी दोनदा जिंकली आणि फ्लोरिडा पँथर्ससोबत २०२४ आणि २०२५ असे दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याला मिळणारे चषक, उचलले.

वरची निवड खरी ठरल्याचं उदाहरणही आहे. मार्क-आंद्रे फ्लरी २००३ चा पहिला क्रमांक. त्याने तीन स्टॅनली कप आणि ५७५ विजय मिळवून २०२५ मध्ये निवृत्ती घेतली. ब्रोडरच्या ६९१ विजयांनंतर त्याचाच क्रमांक लागतो. पण फ्लरीलासुद्धा पिट्सबर्गमध्ये तरुण मॅट मरीसाठी जागा सोडून २०१७ मध्ये नव्या व्हेगस संघात जावं लागलं. व्हेझिना त्याला त्यानंतर मिळाली, वयाच्या ३६ व्या वर्षी.

गोलरक्षक इतक्या उशिरा का पिकतात?

कारण त्यांचं मुख्य भांडवल म्हणजे खेळ वाचणं, आणि ते हजारो फटके झेलल्याशिवाय जमा होत नाही. अठराव्या वर्षी शरीर चपळ असतं, पण समोरचा मारणार की पास देणार याचा अंदाज कच्चा असतो. त्यात वरची जागा अडलेली. आधीच्या मुख्य गोलरक्षकाचं वय तिशीच्या आत असेल, तर तरुणाला दुसरीकडे कुठेतरी वर्षं काढावीच लागतात.

टिम थॉमसची कहाणी मी दर वेळी सांगतो, कारण तिच्यात हे सगळं आहे. १९९४ मध्ये तो २१७ व्या क्रमांकावर निवडला गेला. मग विद्यापीठ, छोट्या लीग, फिनलंड, स्वीडन, पुन्हा छोट्या लीग, पुन्हा फिनलंड. बॉस्टन ब्रुइन्समध्ये तो नियमित झाला तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्या वयात बरेच आघाडीपटू उताराला लागलेले असतात. त्यानंतर त्याने २००९ आणि २०११ ची व्हेझिना जिंकली. २०११ च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात व्हँकुव्हरला त्यांच्याच रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) एकही गोल करू दिला नाही आणि वयाच्या ३७ व्या वर्षी प्लेऑफमधल्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांमधल्या, सर्वात मोलाच्या खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी मिळवली. ती मिळवणारा तो सर्वात वयस्क खेळाडू ठरला. थॉमसची शैली पुस्तकी अजिबात नव्हती, म्हणून अनेक प्रशिक्षकांचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. तो मात्र पॅड बांधत राहिला.

हाशेकचंही तसंच. चेकोस्लोव्हाकियातून तो १९९० मध्ये आला, शिकागोत एड बेलफोरच्या मागे बसला आणि बफेलोत २९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर मुख्य गोलरक्षक झाला. त्यानंतर सहा व्हेझिना आणि १९९७, १९९८ अशी सलग दोन हार्ट. हार्ट ट्रॉफी दोनदा मिळवणारा दुसरा गोलरक्षक आजवर झालेला नाही.

एएचएलमधली वर्षं कशी असतात?

एएचएल ही एनएचएलच्या खालची लीग, आणि तिच्याखाली ईसीएचएल. बहुतेक गोलरक्षक यांतून जातात. मोसम ७२ सामन्यांचा, प्रवास बराचसा बसने, आणि सलग दोन-तीन दिवस सामने. करार अनेकदा दुहेरी असतो, म्हणजे वर बोलावलं तर एक पगार आणि खाली ठेवलं तर दुसरा, बराच कमी. वरचा कोणी जखमी झाला की फोन येतो आणि त्याच रात्री विमान पकडावं लागतं. चार दिवसांनी जखमी माणूस बरा होतो आणि हा परत बसमध्ये. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी त्याचं नाव वेव्हर्सवर टाकावं लागतं. त्या मुदतीत दुसरा कोणताही संघ त्याला उचलू शकतो. घर भाड्याने घेतलेलं असतं, मुलं शाळेत घातलेली असतात, आणि दुपारी कळतं की उद्यापासून शहर वेगळं.

या काळाची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यांचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही असे कितीतरी उत्तम गोलरक्षक इथेच दहा वर्षं खेळून निवृत्त होतात, आणि ते कच्चे होते म्हणून असं घडत नाही.

बॅकअपला, म्हणजे राखीव गोलरक्षकाला, काम काय? तो नुसता बसूनच असतो ना?

सामन्याच्या रात्री बसून असतो, हे खरं. पण सरावात सर्वात जास्त फटके तोच खातो. सराव संपल्यावर ज्यांना आणखी नेमबाजी करायची असते, त्यांच्यासाठी जाळीत थांबणारा तोच. सलग दोन रात्री सामने असले की एक सहसा त्याच्या वाट्याला येतो, तोही बऱ्याचदा दमलेल्या संघामागे. तीन आठवडे न खेळता अचानक उभं राहायचं आणि कालच खेळल्यासारखं खेळायचं, हे माझ्या मते या खेळातलं सर्वात अवघड काम आहे.

मुख्य गोलरक्षकही क्षणात बॅकअप होऊ शकतो. २०२३ मध्ये बॉब्रोव्स्की वर्षाला एक कोटी डॉलर्स घेत होता, तरी प्लेऑफच्या सुरुवातीला फ्लोरिडाने अ‍ॅलेक्स लायनला उभं केलं. चौथ्या सामन्यापासून बॉब्रोव्स्की परतला. १-३ असा मागे पडलेला संघ बलाढ्य बॉस्टनला हरवून थेट अंतिम फेरीत गेला. पुढचे दोन कप त्यानंतरचे.

पूर्वी तर बॅकअपच नव्हता. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संघाकडे एकच गोलरक्षक असे. त्याला लागलं तर सामना थांबवून टाके घालत आणि तो परत उभा राही. आज पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षकही मोसमात साधारण ५० ते ६० सामने खेळतो. ग्रँट फ्यूरने १९९५-९६ मध्ये ७९ सामने खेळले होते. आता कोणताही संघ असा धोका पत्करणार नाही.

मुखवटा कधीपासून आला?

१ नोव्हेंबर १९५९ पासून कायमचा. त्या रात्री न्यू यॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलच्या झाक प्लांटच्या तोंडावर बसला. टाके घालून झाल्यावर, मुखवटा घालू दिला तरच परत जाईन, असं प्लांटने प्रशिक्षक टो ब्लेक यांना सांगितलं. ब्लेक यांना मुखवटा मान्य नव्हता. त्याने नजर कमी पडते आणि गोलरक्षक भित्रा वाटतो, असा त्या काळचा समज होता. पण दुसरा गोलरक्षकच नसल्याने त्यांचा नाइलाज झाला. माँट्रियल ३-१ ने जिंकलं, आणि त्या मोसमात सलग पाचवा स्टॅनली कपही जिंकला. क्लिंट बेनेडिक्टने १९३० मध्ये चामड्याचा मुखवटा थोडे दिवस वापरला होता, पण रूढ केला तो प्लांटने. शेवटचा उघड्या चेहऱ्याचा गोलरक्षक अँडी ब्राउन १९७४ पर्यंत एनएचएलमध्ये खेळला.

प्लांटला त्या रात्री भित्रा म्हणणाऱ्यांनी पुढे काय विचार केला असेल, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं. त्याच्या सात व्हेझिना आजही विक्रम आहेत.

बटरफ्लाय म्हणजे काय? सगळे एकाच पद्धतीने का खेळतात?

गुडघे एकत्र आणून बर्फावर टेकायचे आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसरायच्या. पॅडची भिंत जाळीचा खालचा सगळा भाग झाकते आणि वरचा भाग हात, छाती सांभाळतात. बहुतेक गोल खालून होतात, म्हणून हिशोब सोपा आहे.

गंमत अशी, की एनएचएलच्या पहिल्या मोसमात गोलरक्षकाने बर्फावर पडणं नियमबाह्य होतं. जानेवारी १९१८ मध्ये तो नियम गेला. तरी पुढची कित्येक दशकं चांगला गोलरक्षक उभाच राहतो, असं मानत. ग्लेन हॉलने गुडघ्यांवर जाण्याची शैली आणली, टोनी एस्पोझिटोने ती पुढे नेली आणि पॅट्रिक रॉयने तिचं शास्त्र केलं. रॉयमागे प्रशिक्षक फ्रांस्वा आलेर होते. फटका अडवण्यापेक्षा तो अंगावर घेण्याची जागा धरायची, हा त्यांचा आग्रह. १९८६ मध्ये विशीतल्या रॉयने माँट्रियलला कप जिंकून दिला आणि क्वेबेकमधली मुलं त्याच्यासारखं गुडघ्यावर जायला लागली. ब्रोडर त्याच प्रांतातला, पण त्याने उभं राहणं आणि पडणं यांचं स्वतःचं मिश्रण ठेवलं.

आज पाया सगळ्यांचा बटरफ्लायच आहे. कोपऱ्यातून येणाऱ्या पकसाठी खांबाला चिकटून एक पॅड आडवा टाकण्याची रिव्हर्स व्हीएच पद्धत त्यात भर म्हणून आली. ती सरसकट आणि फार लवकर वापरली जाते, असं माझं मत आहे. खांबाशी खाली बसलेल्या गोलरक्षकाच्या खांद्यावरची फट हेरून मारणारे आता ढिगाने आहेत. हाशेककडे पाहिलं की कळतं, की शिस्तीबाहेरही अव्वल खेळता येतं. तो आडवा व्हायचा, लोळायचा, स्टिक टाकून हातमोज्याने पक धरायचा, आणि तरी १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य शूटआउटमध्ये कॅनडाच्या पाचही जणांना त्याने अडवलं. चेक संघ तिथे सुवर्णपदक घेऊन गेला.

उंची किती लागते?

उंच माणूस जाळी जास्त झाकतो, म्हणून संघांना सहा फूट दोन इंचांच्या पुढचे गोलरक्षक आवडतात. सारोस पाच फूट अकरा इंचांचा आहे आणि वर्षानुवर्षं मुख्य गोलरक्षक म्हणून खेळतो आहे. त्याच्यासारख्याला जाळीपासून पुढे येऊन कोन कमी करावा लागतो आणि पाय विलक्षण वेगवान ठेवावे लागतात.

साहित्य कसलं असतं?

पायांचे पॅड, पक झेलायचा मोठा ग्लोव्ह, दुसऱ्या हातावर चपटा ब्लॉकर, छाती आणि हातांचं कवच, रुंद स्टिक, सपाट पात्याचे स्केट आणि मुखवटा. एकूण वजन वीस किलोच्या आसपास. पॅडची रुंदी ११ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. २००५ पर्यंत ती १२ होती. एनएचएलमध्ये खर्च संघाचा असतो. लहान वयात तो पालकांवर पडतो, आणि कितीतरी मुलं याच कारणाने गोलरक्षक होत नाहीत.

पैसा किती मिळतो?

२०२५-२६ च्या मोसमात एनएचएलचं किमान वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर्स होतं. वरच्या टोकाला न्यू यॉर्क रेंजर्सचा इगोर शेस्टर्किन. त्याने डिसेंबर २०२४ मध्ये आठ वर्षांसाठी ९ कोटी २० लाख डॉलर्सवर सही केली, म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी १५ लाख. त्या वेळी कोणत्याही गोलरक्षकाला एवढा करार मिळाला नव्हता. त्याआधीचा उच्चांक कॅरी प्राइसचा, आठ वर्षांना ८ कोटी ४० लाख.

संघांवर एकूण पगाराची मर्यादा असते, २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख होती. त्यामुळे गोलरक्षकाला एवढा मोठा वाटा द्यावा का, हा वाद कायम चालतो. गोलरक्षकाची कामगिरी वर्षागणिक खूप हलते, हे संघचालकांचं म्हणणं खरं आहे. पण वाईट गोलरक्षक असलेला संघ बाकी कितीही चांगला असला तरी वर येत नाही, हेही तितकंच खरं. एएचएलमध्ये आणि युरोपातल्या बहुतेक लीगमध्ये मिळकत याच्या कितीतरी खाली असते.

सेव्ह पर्सेंटेज कशी वाचायची?

आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले, त्याचं प्रमाण. ते .९०० असं लिहितात, म्हणजे शंभरात नव्वद. फरक छोटा दिसतो, परिणाम मोठा असतो. मोसमात १५०० फटके आले असं धरा. .९०० वाला १५० गोल खाईल आणि .९१५ वाला १२७ किंवा १२८. बावीस-तेवीस गोलांच्या फरकाने एखादा संघ प्लेऑफमध्ये जातो किंवा बाहेर राहतो.

या आकड्याला दूरचा सोपा फटका आणि तोंडासमोरून मारलेला फटका सारखाच वाटतो. म्हणून आता प्रत्येक फटक्याची अवघडपणानुसार किंमत धरून गोलरक्षकाने अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले, ते मोजतात. विजयांची संख्या मात्र गोलरक्षकाइतकीच त्याच्या संघाची असते, तिच्यावरून माणसाला जोखू नये.

सर्वात जास्त दुखापत कशाने होते?

पकने होत असेल असं वाटतं, पण खरं नुकसान नितंबाच्या सांध्याचं होतं. बटरफ्लायमध्ये मांडी आत वळवून गुडघा आपटत खाली जायचं, दिवसातून शेकडो वेळा, तेही लहानपणापासून. सांध्याच्या कडेची कूर्चा फाटते आणि शस्त्रक्रिया करावी लागते. तूक्का रास्कने २०२१ मध्ये ती करून घेतली, परतला, चार सामने खेळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबला. कॅरी प्राइसला गुडघ्याने थांबवलं. एप्रिल २०२२ नंतर तो खेळूच शकला नाही. लुंडक्विस्टच्या बाबतीत तर हृदय आडवं आलं. जानेवारी २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली.

भीषण अपघात दुर्मिळ, पण होतात. २२ मार्च १९८९ रोजी बफेलोच्या क्लिंट मलार्चुकच्या गळ्याची शीर स्केटच्या पात्याने कापली गेली. संघाचे ट्रेनर जिम पिझ्झुटेली यांनी जखम हाताने दाबून धरली, म्हणून तो वाचला. काही दिवसांतच तो पुन्हा जाळीत उभा होता. त्या काळी याचं कौतुक झालं. त्याच्या मनाला काय झालं असेल, हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि ते त्याला पुढे कित्येक वर्षं भोगावं लागलं.

मानसिक ताण खरंच इतका असतो का?

असतो. तुमची चूक झाली की मागे लाल दिवा लागतो आणि हजारो लोक ओरडतात. दुसऱ्या कोणाची चूक झाली तरी दिवा तुमच्याच मागे. ग्लेन हॉल सामन्याआधी जवळजवळ नेहमी ओकायचा. त्याच हॉलने १९५५ ते १९६२ मध्ये सलग ५०२ सामने मुखवट्याशिवाय खेळले.

अलीकडे यावर उघडपणे बोललं जातं, ही मला या क्षेत्रातली सर्वात चांगली घडामोड वाटते. रॉबिन लेनरने २०१८ मध्ये व्यसन आणि बायपोलर आजाराबद्दल स्वतः लिहिलं आणि पुढच्या मोसमात चिकाटीसाठीची मास्टर्टन ट्रॉफी मिळवली. प्राइसने २०२१ मध्ये खेळाडूंसाठीच्या साहाय्य कार्यक्रमात नाव नोंदवलं. तरुण गोलरक्षकांना आता गोल खाल्ल्यावर पुढचा फटका येईपर्यंत मन कसं रिकामं करायचं, हे तंत्रासारखंच शिकवतात. कोणी पाणी पितो, कोणी खांबांना स्टिक लावून जागा तपासतो. प्रत्येकाची रीत वेगळी असते.

स्त्रियांसाठी हे करिअर आहे का?

आता आहे. २३ सप्टेंबर १९९२ रोजी मनाँ रेओम टॅम्पा बेकडून सरावाच्या सामन्यात एनएचएल संघासाठी उतरली. तोवर कोणतीही स्त्री तिथे पोचली नव्हती, आणि तिथवर पोचलेली पहिली स्त्री गोलरक्षक असावी याचा मला अभिमान वाटतो. कॅनडाची शॅनन साबाडोस दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांनंतर पुरुषांच्या एका छोट्या व्यावसायिक लीगमध्ये खेळली. पण अशा अपवादांवर करिअर उभं राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक लीग पीडब्ल्यूएचएल सुरू झाली तेव्हा स्थिर पगार देणारी लीग मिळाली. तिच्या पहिल्याच सामन्यात न्यू यॉर्कच्या कोरिन श्रोडरने टोरंटोला एकही गोल करू दिला नाही. पगार पुरुषांच्या जवळपासही नाहीत, आणि सहा संघांनी सुरू झालेल्या लीगमध्ये गोलरक्षकांच्या जागा तर आणखीच थोड्या.

बर्फावर गाडी चालवणाऱ्या माणसाने सामना जिंकून दिला, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि तातडीसाठी रिंकवर ठेवलेला ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स उतरला. त्याने झाम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, चालवण्याचं काम केलेलं होतं आणि २००४ मध्ये त्याचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं होतं. पहिले दोन फटके जाळीत गेले, पुढचे आठही त्याने अडवले. कॅरोलायना ६-३ ने जिंकलं. हे करिअर नव्हे, पण वर्षानुवर्षं सरावात फटके झेलत राहिल्याशिवाय ते आठ त्याने अडवले नसते.

करिअर किती वर्षं चालतं आणि नंतर काय?

शरीर टिकलं तर चाळिशीपर्यंत. हाशेक ४६ व्या वर्षी मॉस्कोत खेळत होता. उलट सोव्हिएत संघाचा व्लादिस्लाव त्रेत्याक तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांनंतर ३२ व्या वर्षीच थांबला. माँट्रियलने त्याला १९८३ मध्ये निवडलं होतं, पण त्याला जाऊ दिलं गेलं नाही. तो खेळला असता तर काय झालं असतं, याची हुरहूर बऱ्याच जणांना आजही आहे.

नंतर अनेक जण गोलरक्षकांचे प्रशिक्षक होतात. प्रत्येक संघाला असा एक तरी लागतोच. रॉय मुख्य प्रशिक्षक झाला, ब्रोडर न्यू जर्सीच्या व्यवस्थापनात गेला, केव्हिन वीक्स दूरचित्रवाणीवर दिसतो. केन ड्रायडनचा मार्ग सगळ्यांत वेगळा. १९७१ मध्ये मोसमातले फक्त सहा सामने खेळून तो प्लेऑफमध्ये उतरला, कप आणि कॉन स्माइथ दोन्ही घेऊन गेला. १९७३-७४ चा पूर्ण मोसम वकिलीच्या उमेदवारीसाठी सोडला, परत आला आणि सहा कप झाल्यावर ३१ व्या वर्षी निवृत्त झाला. पुढे तो कॅनडाचा खासदार आणि मंत्री झाला.

सामना पाहताना गोलरक्षकाकडे काय पाहावं?

पक समोरच्या टोकाला असताना त्याच्याकडे पाहा. तो किती पुढे उभा आहे, खांद्यावरून कुठे नजर टाकतो, हे बघा. मग हल्ला आला की पास एका बाजूकडून दुसरीकडे जाताना तो सरकत पोचतो की झेप घेतो, याकडे लक्ष द्या. सरकत पोचत असेल तर त्याने तो पास आधीच ओळखला होता. आणि अडवलेला पक कुठे गेला ते पाहा: कोपऱ्यात, ग्लोव्हमध्ये, की परत मारणाऱ्याच्या पुढ्यात.